खड्ग आणि त्याचा धनी : व्हिडिओ गेममधील शस्त्रसंबंधाचा नैतिक विचार

१

वीरकथांमध्ये नायकाप्रमाणे त्याच्या शस्त्रालाही नाव असते. आर्थरचे एक्सकॅलिबर, रोलाँचे ड्युरांडाल, अर्जुनाचे गांडीव ही नावे उच्चारताच त्यांचे धनी डोळ्यांसमोर उभे राहतात. सामान्य शस्त्र मोडले तर त्याच्या जागी दुसरे घेता येते. नाव धारण करणाऱ्या शस्त्राला पर्याय नसतो. नायक कोण आहे हे सांगणाऱ्या व्यवस्थेचाच ते एक भाग असते. म्हणून असे शस्त्र अन्य कोणाच्या हाती गेले, तर त्या घटनेला केवळ चोरी म्हणून भागत नाही; तो ओळखीचा अपहार ठरतो.

ही प्राचीन कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिडिओ गेम या नव्या कथनप्रकारात, विशेषतः जपानी निर्मात्यांच्या कृतींमध्ये, विलक्षण जोमाने रुजली. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या मालिकेतील लिंक आणि त्याचे मास्टर सोर्ड, ‘फायनल फँटसी ७’ मधील क्लाउड आणि बस्टर सोर्ड, ‘किंगडम हार्ट्स’ मधील सोरा आणि किल्लीच्या आकाराचे कीब्लेड या जोड्या जगभरच्या दोन पिढ्यांना परिचित आहेत. या कृतींना महाकाव्याचे वा कादंबरीचे निकृष्ट अनुकरण मानण्याचे कारण नाही. तसेच कथनमीमांसेची परिमाणे त्यांना लागूच पडत नाहीत, असेही म्हणता येत नाही. एस्पेन ऑर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, काही संहितांमधून वाट काढण्यासाठी वाचकाला डोळे फिरवणे आणि पाने उलटणे याहून अधिक श्रम करावे लागतात. व्हिडिओ गेम ही अशी संहिता आहे. महाकाव्याचा श्रोता गांडिवाचा टणत्कार ऐकतो. गेममध्ये खेळणाऱ्याने कळ दाबल्याखेरीज खड्ग उचललेच जात नाही.

या फरकामुळे एका जुन्या नैतिक प्रश्नाला नवी धार येते. नायक आणि खड्ग यांच्यातील विशेष नाते हे त्या खड्गाने घडणाऱ्या हिंसेचे समर्थन ठरू शकते काय? ‘हे खड्ग याचेच आहे’ या विधानातून ‘म्हणून याने केलेला वार योग्य आहे’ असा निष्कर्ष निघतो काय? वरवर पाहता तो निघत नाही हे उघड आहे. तरीही या कथा बहुधा तो निघतो असे गृहीत धरून चालतात. त्यांतील अधिक विचारी कृती मात्र त्या गृहीतकाला आतून तडा देतात. त्यांच्या दृष्टीने खड्गाशी असलेले नाते हा अधिकार नसून ऋण आहे, आणि ऋणाची कसोटी ते फेडण्यात लागते.

२

अधिकाराचे प्रतिमान आधी पाहावे. व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन परीकथांच्या रूपविचारात ‘दाता’ या पात्राचे कार्य निश्चित केले. दाता नायकाची परीक्षा घेतो, नायक तीत उतरतो आणि त्याला जादूची वस्तू लाभते. प्रॉपच्या मांडणीत परीक्षा वस्तू मिळण्यापूर्वी होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. वस्तू एकदा हाती आल्यावर तिच्या वापराविषयी प्रश्न विचारण्याची सोय कथेच्या संरचनेत उरत नाही. पात्रता आधीच सिद्ध झालेली असते.

१९८६ च्या पहिल्या ‘झेल्डा’मध्ये हे कार्य अगदी उघड्या स्वरूपात दिसते. गुहेतला एक वृद्ध नायकाला लाकडी तलवार देतो. पुढे अधिक प्रभावी तलवारी मिळवायच्या तर नायकाच्या प्राणशक्तीची निदर्शक हृदये अनुक्रमे ५ आणि १२ व्हावी लागतात. १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये मास्टर सोर्ड अवतरले आणि परीक्षेला नैतिक परिभाषा लाभली : धैर्य, सामर्थ्य आणि प्रज्ञा यांची तीन पदके मिळवणाऱ्यालाच ते दगडातून उपसता येते. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये पुन्हा अंक आले. येथे १३ हृदये लागतात; त्याहून कमी असताना खड्ग उपसू पाहणाऱ्याचे प्राण खड्गच शोषून घेते. ‘योग्यता’ या नैतिक संज्ञेचे ‘क्षमता’ या मोजता येणाऱ्या संज्ञेत झालेले हे रूपांतर नजरेआड करण्यासारखे नाही. खेळणाऱ्याने किती सोसले वा किती भटकंती केली हे गेम मोजू शकतो. त्याने खड्ग कशासाठी मागितले हे मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. परिणामी पात्र ठरणे म्हणजे पुरेसे बलवान होणे, असे समीकरण नियमांच्या पातळीवर तयार होते आणि कथनाच्या पातळीवर त्यालाच दैवी निवडीचे नाव मिळते.

शस्त्र धारण करण्याचा अधिकार निवडक हातांपुरता राखून ठेवण्याला जपानच्या इतिहासात एक सामाजिक बाजूही आहे. १५८८ साली तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम काढला. त्यानंतर तलवार ही क्रमाने एका वर्गाची खूण बनत गेली. १८७६ च्या आज्ञेने ती सार्वजनिक जीवनात बाळगण्यास बंदी होईपर्यंत ही खूण टिकून होती. कमरेची तलवार तिच्या धन्याच्या शौर्याइतकीच त्याच्या स्थानाचीही साक्ष देत असे. गेममधील ‘निवडलेला नायक’ हा या इतिहासाचा थेट वारस आहे असा दावा करण्याची गरज नाही. परंतु शस्त्र कोणी धरावे या प्रश्नाचे उत्तर जेव्हा ‘शस्त्रानेच ज्याला निवडले त्याने’ असे दिले जाते, तेव्हा एक सामाजिक निर्णय निसर्गक्रमाच्या वेषात मांडला जात असतो, हे समीक्षकाने ध्यानात ठेवणे इष्ट.

‘किंगडम हार्ट्स’ (२००२) या कृतीने हा वेष काही क्षण दूर केला आहे. एका निर्णायक टप्प्यावर सोराचा मित्र रिकू कीब्लेडवर आपला हक्क सांगतो आणि ते सोराच्या हातून निघून त्याच्याकडे जाते. किल्ली ज्याच्यापाशी असेल त्याच्या मागे जावे, अशी आज्ञा असलेले सहकारीही त्याच्यासोबत निघून जातात. सोराच्या हाती लहान मुलाच्या खेळातली लाकडी तलवार उरते आणि खेळणाऱ्याला ती घेऊनच पुढे जावे लागते. शत्रूंवर तिचा फारसा परिणाम होत नाही, हे त्याच्या बोटांना तत्काळ कळते. आपले बळ शस्त्रात नसून मित्रांमध्ये आहे, अशी भूमिका सोरा घेतो आणि त्यानंतर कीब्लेड त्याच्याकडे परतते. प्रसंग भावुक आहे. शिवाय शस्त्र परत मिळाल्यामुळे तो निवडीचे तत्त्व शेवटी अधिक दृढच करतो. तरीही शस्त्राविना उरलेला नायक काय करील, हा प्रश्न त्याने खेळणाऱ्याच्या हातात ठेवला, हे मान्य करावे लागेल.

३

निवडीच्या प्रतिमानात खड्गाला भूतकाळ असला तरी तो दंतकथेचा असतो. वारशाच्या प्रतिमानात त्या भूतकाळाला माणसांचे चेहरे मिळतात. ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) मधील क्लाउडच्या पाठीवरचे प्रचंड खड्ग हे या गेमचे सर्वपरिचित चिन्ह. कथेच्या आरंभी क्लाउड स्वतःला ‘सोल्जर’ या निवडक सैन्यदलातला माजी योद्धा म्हणवतो आणि खड्ग या दाव्याचा दृश्य पुरावा ठरते. पुढे उलगडते ते असे : क्लाउड त्या दलात कधीच नव्हता, तो साधा शिपाई होता, खड्ग त्याचा मित्र झॅक याचे होते. झॅक मारला गेला, आणि भग्न मनाच्या क्लाउडने त्याच्या शस्त्रासह त्याच्या स्मृतीही आपल्या म्हणून पांघरल्या. खड्गाने ओळख सिद्ध होते या वीरकथेच्या मूळ गृहीतकालाच येथे उलटे केले आहे. याच खड्गाने ओळख झाकली होती, आणि नायकाला स्वतःपर्यंत पोहोचायचे तर ‘हे माझे नाही’ हे त्याला आधी कबूल करावे लागते.

२००७ च्या ‘क्रायसिस कोअर’ने ही वंशावळ आणखी मागे नेली. झॅकपूर्वी खड्ग एंजील या त्याच्या गुरूचे होते. एंजील सैन्यदलात दाखल झाला तेव्हा त्याच्या वडिलांनी मोठे कर्ज काढून ते घडवून घेतले आणि ते कर्ज फेडता फेडता त्यांचा अंत झाला. म्हणून एंजील ते क्वचितच वापरतो; वापराने ते झिजेल, त्यावर गंज चढेल, अशी चिंता त्याला वाटते. अखेरीस झॅकला एंजीलविरुद्ध लढावे लागते आणि मरणारा गुरू खड्ग त्याच्या हवाली करतो. येथे ऋण हा शब्द अलंकारिक राहत नाही. पित्याचे श्रम, गुरूचे मरण आणि मित्राचे मरण या तीन हप्त्यांनी घडलेली ही वस्तू आहे. ती हाती येणे हा गौरव आहे. परंतु असा गौरव पेलणाऱ्याला ‘मी पात्र होतो म्हणून मला मिळाली’ असे म्हणता येत नाही.

या ठिकाणी कथन आणि नियम यांच्यात एक फट पडते. तिची चर्चा क्लिंट हॉकिंग यांनी २००७ साली दुसऱ्या एका गेमच्या संदर्भात केली होती. बस्टर सोर्डला नियमांच्या हिशेबात स्थान अगदी कनिष्ठ आहे. ‘मटेरिया’ नावाचे शक्तिरूप गोळे बसवण्यासाठी त्यात अवघ्या दोन खाचा आहेत. पहिल्या काही तासांतच दुकानात वा वाटेत अधिक प्रभावी शस्त्रे मिळतात आणि हिशेबी खेळाडू बस्टर सोर्ड बाजूला ठेवतो. म्हणजे कथन ज्या वस्तूला अनन्य मानते, तिला नियम विनिमेय ठरवतात. हा दोष आहे असे अनेकदा म्हटले जाते. परंतु त्यातून एक अनपेक्षित अर्थही निष्पन्न होतो. खेळणारा खड्ग बदलतो तेव्हा त्या कृतीला नियमांची मान्यता असते, निष्ठेची नसते. जे ते शेवटपर्यंत जवळ ठेवतात ते नुकसान सोसून ठेवतात. लाभ नसताना जपलेली वस्तू हीच नात्याची खूण असेल, तर शस्त्राशी असलेले नैतिक नाते या गेममध्ये नियमांच्या आज्ञेबाहेर, खेळणाऱ्याच्या स्वेच्छेत जन्म घेते.

४

मास्टर सोर्डच्या दीर्घ परंपरेत ऋणाची जाणीव टप्प्याटप्प्याने वाढत गेलेली दिसते. १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मध्ये बालक लिंक राज्य वाचवण्याच्या सद्हेतूने कालमंदिरातील खड्ग उपसतो. ते धारण करण्याइतके त्याचे वय नसल्यामुळे खड्ग त्याला ७ वर्षे निद्रिस्त ठेवते. दरम्यान त्यानेच उघडलेल्या दारातून गॅननडॉर्फ पवित्र प्रदेशात शिरतो आणि राज्य उद्ध्वस्त करतो. निवड खरी होती, हेतू शुद्ध होता, तरी परिणाम अनर्थाचा झाला. यावर लिंकला दोषी ठरवणे कठीण आहे. पण निवडलेला म्हणून त्याची कृतीच्या परिणामातून सुटका झाली, असेही म्हणता येत नाही. जागा झालेला तरुण लिंक ज्या उजाड जगात पाऊल टाकतो ते त्याच्याच कृतीचे फलित आहे. निवड आणि निर्दोषता यांची गाठ ‘ऑकरिना’ने अशी सोडवली.

खड्ग ही केवळ वस्तू आहे या समजालाही नंतरच्या कृतींनी धक्का दिला. २०११ च्या ‘स्कायवर्ड सोर्ड’मध्ये खड्गात फाय नावाची जाणीव वसते, ती नायकाशी बोलते, मार्ग दाखवते आणि कार्य संपल्यावर खड्गातच चिरनिद्रा घेते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधील राजकन्या झेल्डा लिंकला विचारते की खड्गातला आवाज त्याला ऐकू येऊ लागला आहे काय. या प्रश्नामागे तिची व्यथा आहे. स्वतःच्या सुप्त शक्तीसाठी वर्षानुवर्षे प्रार्थना करूनही अयशस्वी राहिलेल्या तिला लिंकच्या पाठीवरचे खड्ग रोज स्वतःच्या अपयशाची आठवण देते. निवड झालेल्याच्या शेजारी निवड न झालेले कोणी उभे असते, आणि निवडीची किंमत बहुधा तेच मोजत असते, हे या मालिकेने येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे उच्चारले.

२०२३ च्या ‘टीअर्स ऑफ द किंगडम’ने ही किंमत कथेच्या केंद्रस्थानी आणली. आरंभीच गॅननडॉर्फच्या विषारी शक्तीने मास्टर सोर्ड झिजून भंगते. नायकाचे खड्ग मोडते, आणि ते पुन्हा घडवण्याचे काम नायकाच्या वाट्याला येत नाही. काळाच्या उलट दिशेने धाडलेले भग्न खड्ग दूर भूतकाळात फेकल्या गेलेल्या झेल्डापर्यंत पोहोचते. ते सजीव करण्यासाठी ती स्वतःचे मनुष्यत्व आणि आत्मभान गमावून ड्रॅगन होते आणि युगानुयुगे आपल्या तेजाने त्याचे पोषण करते. खेळणारा ते उपसायला जातो तेव्हा ते त्या ड्रॅगनच्या मस्तकात रुतलेले असते. आरंभी आकाशात संथपणे विहरणारा हा प्राणी दृश्याचा भाग वाटतो. तो कोण आहे हे उमगल्यावर खड्ग उपसण्याच्या कळीचा अर्थ पालटतो. येथेही उपसण्यासाठी दमाचे ठरावीक मोजमाप लागते, नियम तोच आहे. मात्र पात्रतेचा अभिमान बाळगण्याला जागा उरत नाही. अंती झेल्डाला मनुष्यरूप परत मिळते आणि शोकांतिकेची धार बोथट होते, हे खरे. तरीही नायकाचे शस्त्र दुसऱ्याच्या आत्मविलोपनातून आले आहे ही जाणीव पुसली जात नाही.

याच दोन कृतींमधील आणखी एक योजना लक्षणीय आहे. त्यांत जवळजवळ सर्व शस्त्रे वापराने मोडतात. मार्टिन हायडेगर यांनी ‘सत्ता आणि काल’ (१९२७) मध्ये म्हटल्याप्रमाणे उपकरण कामात असते तोवर ते नजरेत भरत नाही. ते मोडते तेव्हा त्याचे वस्तुपण समोर येते. शस्त्र मोडू शकते हे कळल्यावर खेळणारा प्रत्येक वारापूर्वी थबकतो : हा संघर्ष टाळता येईल काय? मास्टर सोर्ड मात्र मोडत नाही. त्याचे तेज सरते आणि १० मिनिटांनी परत येते. म्हणजे हिंसेचा हिशेब मांडायला लावणारा नियम निवडलेल्या खड्गाला पूर्णपणे लागू होत नाही. त्याच वेळी ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ते मिळवल्यावाचूनही अंतिम शत्रूचा पराभव करता येतो. नायकपण खड्गावाचून सिद्ध होऊ शकते, अशी ही अप्रत्यक्ष कबुलीच आहे.

५

येथे एक आक्षेप संभवतो. हा सारा खेळ आहे. योहान हॉइझिंगा यांनी १९३८ मध्ये सांगितल्याप्रमाणे खेळ नित्याच्या जीवनापासून वेगळ्या काढलेल्या वर्तुळात चालतो. तेथे कोणी मरत नाही, मग नैतिक प्रश्न कशाला? आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावा लागतो. गेममध्ये खड्ग चालवणारा बाहेरही हिंसक होतो, असे या विवेचनात कोठेही सुचवलेले नाही. परंतु सी. थी न्गुएन यांनी ‘गेम्स : एजन्सी अ‍ॅज आर्ट’ (२०२०) मध्ये मांडल्याप्रमाणे चित्राचे माध्यम रंग असेल तर गेमचे माध्यम कर्तेपण आहे. गेम खेळणाऱ्याला काही काळापुरती उद्दिष्टे आणि सामर्थ्ये देतो आणि त्यांच्या कक्षेत वागून पाहायला लावतो. मग एखादा गेम जे कर्तेपण देऊ करतो त्यात किती क्रियापदे आहेत, हा वाजवी समीक्षात्मक प्रश्न ठरतो. ज्या नायकाला ‘मारणे’ या क्रियापदाचेच सामर्थ्य मिळाले आहे, त्याच्या निवडीला नैतिक म्हणावे काय? नाही म्हणण्याची शक्यता असते तेथेच होकाराला मोल येते.

महाभारताने या प्रश्नाला दिलेली वागणूक तुलनेसाठी उद्बोधक आहे. कर्णपर्वात घायाळ युधिष्ठिर रागाच्या भरात अर्जुनाला म्हणतो की गांडीव दुसऱ्याला देऊन टाक. असे म्हणणाऱ्याचा वध करण्याचे अर्जुनाचे व्रत असते आणि तो थोरल्या भावावर खड्ग उपसतो. धनुष्याशी असलेली निष्ठा धर्माशी असलेल्या निष्ठेला गिळू पाहते, तो हा क्षण. कृष्ण त्याला अडवतो ते बलाक आणि कौशिक यांच्या कथा सांगून : अक्षरशः सत्यवचनी असलेला कौशिक पापाचा धनी झाला आणि शिकारी बलाक स्वर्गाला गेला. शस्त्राशी जडलेले नाते स्वतःपुरते कितीही पवित्र असो, कृतीचा न्याय त्याच्या बाहेर उभे राहूनच करावा लागतो, असा त्याचा मथितार्थ. पुढे मौसलपर्वात आभीरांपुढे अर्जुनाला गांडीव धड चालवता येत नाही, अस्त्रे आठवत नाहीत. आणि महाप्रस्थानाच्या वाटेवर, मोहापायी अद्याप जवळ बाळगलेले ते धनुष्य वरुणाला परत करण्यास अग्नी सांगतो, तेव्हा अर्जुन ते पाण्यात सोडतो. गांडीव उसने होते हे तोवर कोणी विसरले असेल, तर त्याची आठवण येथे होते.

आर्थरचे खड्गही अखेर जलाशयाला परत जाते. जपानी परंपरेतील यामातो ताकेरूची कथा निराळी : ‘कोजिकी’तील कथेनुसार तो कुसानागी हे खड्ग पत्नीपाशी ठेवून इबुकी पर्वताच्या देवतेशी रिकाम्या हातांनी झुंजायला जातो आणि त्यातूनच त्याचा अंत ओढवतो. खड्ग बाजूला ठेवणे म्हणजे परतफेड, की आत्मनाश? जपानी गेमच्या कथनात या दोन्ही अर्थांची छाया आढळते. ‘अ लिंक टू द पास्ट’च्या शेवटी मास्टर सोर्ड पुन्हा आपल्या चौथऱ्यावर विसावते. २००२ च्या ‘विंड वेकर’मध्ये ते शिळा झालेल्या गॅननडॉर्फच्या मस्तकात रुतून समुद्रतळाशी राहते आणि नायक त्याच्यावाचूनच नव्या भूमीच्या शोधात निघतो. ‘ऑकरिना’च्या अखेरीस झेल्डा लिंकला खड्ग स्वस्थानी ठेवून कालद्वार बंद करायला सांगते आणि त्याला त्याच्या हरवलेल्या बालपणात परत धाडते. क्लाउडच्या बाबतीत २००५ च्या ‘अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रन’ या चित्रपटाने हेच केले : झॅक मरण पावला त्या कड्यावर बस्टर सोर्ड स्मारकासारखे रोवलेले दिसते आणि क्लाउड वेगळ्या शस्त्राने लढतो.

कथन अशा रीतीने विसर्जनापर्यंत पोहोचते. नियमांची व्यवस्था मात्र तेथवर येत नाही. ‘ऑकरिना’ असो वा ‘टीअर्स ऑफ द किंगडम’, श्रेयनामावली संपल्यानंतर खेळणारा आपला जतन केलेला खेळ पुन्हा उघडतो तेव्हा तो अंतिम युद्धाच्या अलीकडे उभा असतो. शत्रू जिवंत असतो आणि खड्ग पाठीवर परत आलेले असते. खड्ग खाली ठेवल्यानंतरचे जग त्याला पाहायला मिळते, पण त्यात वावरता येत नाही. कारण त्या जगात करण्याजोग्या क्रियांची रचनाच झालेली नसते. अर्जुनाने गांडीव पाण्यात सोडल्यानंतरही कथा पुढे चालत राहते. तो वाटेत कोसळतो आणि कोठे चुकला हे युधिष्ठिर सांगतो. शस्त्र परत केलेल्या माणसाचाही हिशेब व्हायचा असतो, हे महाकाव्याला माहीत आहे. व्हिडिओ गेमच्या नायकाला हे खड्ग कोणाचे ऋण आहे हे आता समजू लागले आहे. ते फेडल्यानंतर रिकाम्या हातांनी काय करायचे, यासाठी नियमांच्या भाषेत क्रियापदे घडवणे अद्याप बाकी आहे.